शॉवर गळतो म्हणून टाइल फोडू नका, आधी कार्ट्रिज काढून बघा

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. घर जांभ्याच्या चिऱ्याचं, जुनं. न्हाणीघर मात्र काही वर्षांपूर्वी नवीन केलं आणि तेव्हा भिंतीत सिंगल लिव्हरचा डायव्हर्टर बसवला, म्हणजे एकाच दांड्याने गरम-गार मिसळून पाणी शॉवरला किंवा खालच्या तोटीला सोडणारा नळ. घरात वर्षभर एकट्या सासूबाई असतात, बाकीची मंडळी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईहून येतात. आता लिव्हर बंद केला तरी शॉवर रात्रभर ठिबकतो, लिव्हर फिरवताना खरखर लागते, आणि पूर्ण गरमकडे फिरवला तरी पाणी कोमटच येतं. प्लंबरने सांगितलं की आतली बॉडी गेली, टाइल फोडून सगळंच बदलावं लागेल. ताई विचारतात, नुसतं कार्ट्रिज बदलून भागेल का, आणि मला ते स्वतःला जमेल का?

भागेल, आणि जमेलही. बॉडी म्हणजे भिंतीत सिमेंटमध्ये पुरलेला पितळी ठोकळा. त्यात हलणारं काही नसतं. तो गेला की सहसा भिंत ओली होते, नुसता शॉवर ठिबकत नाही. हलतं ते सगळं कार्ट्रिजमध्ये असतं, आणि ते समोरून, टाइलला हात न लावता निघावं अशीच त्याची रचना असते. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्या किनारपट्टीवर कार्ट्रिज वापरून झिजायच्या आधी पाण्याने मरतं. ते कशाने मेलं हे न बघता नवं घातलंत तर पुढच्या शिमग्याला पुन्हा हेच काम काढाल.

आत काय असतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. प्लॅस्टिकच्या डबीत पांढऱ्या सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर बसलेल्या असतात. खालची स्थिर, तिला वाटा तीन: गरम पाणी आत, गार पाणी आत, मिसळलेलं बाहेर. वरची लिव्हरबरोबर सरकते. दोन्ही इतक्या सपाट घासलेल्या असतात की मध्ये वायसर लागतच नाही. चकती ॲल्युमिनाची असते, म्हणजे वाळूपेक्षा कठीण, त्यामुळे वाळूने तिला सहसा चरा पडत नाही. पण कण मध्ये अडकला की वरची चकती केसभर उचलली जाते आणि तेवढ्यातून पाणी झिरपतं. अशा वेळी माणूस काय करतो, तर लिव्हर आणखी जोराने दाबतो. मग चकतीच्या कडेचा टवका उडतो आणि त्यानंतर ती दुरुस्त होत नाही. ग्रीस धुऊन गेलं की लिव्हर जड होतो, आणि तळाची रबरी सीलं गाळाने कातरली गेली की बंद असतानाही पाणी वाट काढतं.

हा गाळ कुठून येतो, तर विहिरीतून. सड्यावरच्या जांभ्यात लोह भरपूर. पावसाळ्यात विहीर तोंडापर्यंत भरते तेव्हा बारीक तांबडी माती पंपातून सरळ टाकीत जाते, तळाला बसते आणि टाकी अर्ध्यावर आली की खाली उतरायला लागते. बोअर खाली काळ्या कातळात गेलेली असेल तर पाणी जड, त्याचा पांढरा खडखडीत थर बसतो. खाडीकाठच्या गावांत एप्रिल-मेमध्ये विहिरी मचूळ होतात, आणि ते पाणी रबरापेक्षा पितळाला जास्त खातं. यावर बंद घराची भर. गणपती झाले की घर बंद, पाणी नळात तसंच उभं, लोहाचा साका धरतो आणि चकत्या एका जागी चिकटून बसतात. मे महिन्यात आल्यावर पहिला माणूस लिव्हर हिसकतो. तुमच्याकडे सासूबाई असतात, पण त्या बहुधा बादलीनेच अंघोळ करत असणार, म्हणजे त्या शॉवरसाठी घर बंदच.

काही उघडण्याआधी तीन गोष्टी तपासा. शॉवर बंद केल्यावर उभ्या पाइपात आणि जाळीत साठलेलं पाणी काही मिनिटं टपटपत राहतं, तो दोष नाही. रात्री झोपताना खाली कोरडी बादली ठेवा. सकाळी तळ झाकण्यापुरतं पाणी असेल तर सोडून द्या, चांगली भरली असेल तर कार्ट्रिज गळतंय. दुसरी गोष्ट, पाणी शॉवर आणि खालची तोटी दोन्हीकडून एकदम येतंय का? तसं असेल तर दोष डायव्हर्टरच्या बटणात आहे. ते वेगळं सुटं येतं, उगाच मुख्य कार्ट्रिज बदलू नका. तिसरी, गरम पाणी दुसऱ्या नळाला, म्हणजे बेसिनला वगैरे, नीट गरम येतं का? तिथेही कोमट असेल तर गीझर बघा. तिथे कढत आणि शॉवरलाच कोमट, तर कार्ट्रिजची गरम बाजू साक्याने भरलीय. तुमच्याकडे लिव्हर खरखरतोही, म्हणून माझा अंदाज हाच आहे.

ज्यांच्याकडे भिंतीवर दोन मुठींचा वॉल मिक्सर आहे त्यांच्यासाठी: त्यात एक कार्ट्रिज नसतं, गरम आणि गार यांचे दोन वेगळे स्पिंडल (मुठीमागचा फिरणारा, पाणी उघड-बंद करणारा भाग) असतात. गीझरचा अँगल कॉक (गीझरच्या पाइपावरची छोटी चावी) बंद केल्यावर ठिबकणं थांबलं तर गरम बाजूचा गेला. पाव फेऱ्याचे स्पिंडल डावे-उजवे वेगवेगळे येतात, म्हणून दुकानात नुसतं "स्पिंडल द्या" म्हणू नका, जुना दाखवा.

आता काम. सकाळी लवकर आणि दुकानं उघडी असतील अशा दिवशी सुरू करा, कारण जुनं कार्ट्रिज हातात आल्याशिवाय नवं मिळणार नाही. पहिल्यांदा गीझरचा मेन स्विच बंद. नुसतं बटण नको, बोर्डावरचा एमसीबी खाली पाडा, आणि पाणी निवायला वेळ द्या. छतावर सोलर असेल तर त्याच्या गरम लाइनची चावी वेगळी असते. ती विसरून दुपारी नट सैल करणाऱ्याचा हात भाजतो. मग टाकीखालची मुख्य चावी बंद करा. जुन्या घरात इथे पितळी गेट व्हॉल्व्ह असतो आणि वर्षानुवर्षं न फिरवल्याने तो धरलेला असतो. त्याला पान्याने मुरगाळू नका, दांडी तुटली तर शॉवर राहील बाजूला आणि टाकीच रिकामी करावी लागेल. थोडं पुढे, थोडं मागे असं करत सोडवा. तरी पूर्ण बंद होत नसेल तर पंप न लावता टाकी वापरून संपू द्या आणि काम दुसऱ्या दिवशी घ्या. चावी बंद झाली की घरातला सर्वांत खालचा नळ उघडा, बेसिनचा गरम नळही उघडा, म्हणजे दोन्ही लाइनींतला दाब निघून जाईल.

न्हाणीघरातल्या मोरीच्या जाळीवर जुनं फडकं दाबून ठेवा. लिव्हरचा स्क्रू तांदळाएवढा असतो आणि तो हमखास जाळीकडेच धावतो. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत चला.

लिव्हरवर लाल-निळी टिकली असते. ती नखाने किंवा ब्लेडच्या टोकाने अलगद उचला. आत ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू) दिसेल, त्याला एल आकाराची ॲलन की लागते, बहुतेक २.५ किंवा ३ मिलिमीटरची. आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. खारी हवा आणि न्हाणीघराची ओल, दोन्हींनी तो स्क्रू गंजून लिव्हरशी एकजीव झालेला असतो. गंज सोडवणारा स्प्रे, डब्ल्यूडी-४० किंवा तसला कुठलाही, दोन थेंब आत जाईल असा मारा आणि चहा घ्या. घाई करू नका. नंतर सुईने भोकातला गंज कोरून काढा, की तळापर्यंत बसली पाहिजे. अर्धी बसलेली की फिरवली की स्क्रूचे सहा कोपरे मरतात आणि मग ड्रिल लावण्यावाचून इलाज उरत नाही. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने दाबा, गंजाची पकड तिथे मोडते, मग सोडवा.

स्क्रू निघाला तरी लिव्हर निघेलच असं नाही. डावी-उजवीकडे हलवत बाहेर ओढा. हातोडी अजिबात नको. त्या दणक्याने मागचा सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपाचा, सांधा तडकू शकतो, आणि मग प्लंबर म्हणाला होता ती टाइल खरोखर फोडावी लागते. लिव्हरमागे क्रोमची टोपी असते, ती हाताने उलट फिरते. ओला हात घसरत असेल तर रबरी हातमोजा घाला.

टोपी काढल्यावर पितळी नट दिसतो, तो कार्ट्रिजला दाबून धरतो. इथे क्षणभर थांबा आणि बॅटरीच्या उजेडात रंग बघा. चांगलं पितळ पिवळं असतं. नट किंवा आजूबाजूची कड गुलाबी-तांबूस, भुसभुशीत, नखाने खरवडली जाईल अशी दिसली तर पाण्याने त्यातलं जस्त खाल्लंय. अशा नटावर जोर केलात तर आटे बॉडीतच तुटून राहतील. असं दिसलं तर पुढे जाऊ नका, जाणता माणूस बोलवा. रंग ठीक असेल तर ॲडजस्टेबल पाना सपाट बाजूंवर घट्ट बसवून सावकाश उलट फिरवा. दातांचा पाइप पाना वापरू नका, तो नटाच्या कडा खातो. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात थोडं पाणी येईल, ते नळात अडकलेलं. धार चालूच राहिली तर चावी पूर्ण बंद झालेली नाही. नट परत आवळा आणि वर जाऊन चावी बघा.

नट निघाला की कार्ट्रिजची दांडी धरून सरळ बाहेर ओढा. तळाला दोन छोट्या खुंट्या असतात, त्या बॉडीतल्या दोन भोकांत बसतात. कुठली कुठे होती त्याचा फोटो घ्या. आता कार्ट्रिज उलटं करून नीट बघा, सगळी हकिगत तिथे लिहिलेली असते. रबरावर तांबडा, बोटाला लागणारा साका असेल तर दोष विहिरीच्या गाळाचा. पांढरी खरखरीत कड असेल तर बोअरचं जड पाणी. रबर चपटं, कडक, चिरा पडलेलं, तर वय आणि कोरडेपणा. आणि भोकात टेफ्लॉन टेपचा तुकडा किंवा सीपीव्हीसीचा भुसा सापडला तर बांधकामाच्या वेळी लाइन धुतलीच नव्हती. हा शेवटचा प्रकार नव्या घरांत बराच दिसतो.

नवं आणायला जाताना जुनं बरोबर न्या. मिक्सरवर कंपनीचं नाव असेल तर आधी त्या कंपनीचं मागा. जुनं बिल सापडलं तर वॉरंटीही विचारून घ्या. कंपनीचं न मिळाल्यास जुळणारं शोधायचं. व्यास बहुतेक ३५ किंवा ४० मिलिमीटर असतो, पण नुसता व्यास जुळून चालत नाही. उंची, चौकोनी दांडीची जाडी, तळाच्या खुंट्यांची जागा आणि तीन भोकांची मांडणी, हे सगळं काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवून बघा. शृंगारतळीला नाही मिळालं तर चिपळूणला मिळेल. त्याच दिवशी नाहीच मिळालं, तर जुनंच धुऊन परत बसवा. शॉवर ठिबकेल, पण घराचं पाणी अडणार नाही. खर्च काहीशे रुपयांचा आहे. सगळ्यात स्वस्त तेवढं घेऊ नका, त्याचं रबर लवकर जातं.

नवं बसवण्याआधीचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या कामात तोच महत्त्वाचा. रिकाम्या बॉडीसमोर बादली तिरकी धरा, वरून टॉवेलचा आडोसा करा आणि दुसऱ्या कुणाला तरी मुख्य चावी अगदी थोडी, काही सेकंदच उघडायला सांगा. आधी हवा फुसफुसते, मग पाण्याबरोबर विटकरी रंगाचा चिखल येतो, कधी गंजाच्या खपल्या, कधी वाळूचे खडे. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबून-थांबून हे करा. गरम आणि गार दोन्ही भोकांतून पाणी यायला हवं. गरम बाजूने आलंच नाही तर गीझरचा कॉक उघडा आहे का बघा. गीझर अजून बंदच ठेवायचा आहे आणि त्यातलं पाणी निवलेलंच हवं. ही धुलाई न करता नवं कार्ट्रिज बसवलं, तर पहिल्या उघडण्यालाच तो सगळा चिखल नव्या चकत्यांच्या मध्ये जातो.

मग चावी बंद करून बॉडीची आतली बैठक मऊ फडक्याने पुसा, बोट फिरवून बघा. पांढरा थर असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पंधरा-वीस मिनिटं आत दाबून ठेवा. घरातली मोठी माणसं आमसुलाने तांब्याची भांडी उजळवतात, त्या पाण्यानेही काम होतं, फक्त गाळून घ्या. संडास धुवायचं ॲसिड मात्र चुकूनही नको, क्रोमही जातं आणि पितळही. पॉलिश पेपर आणि स्क्रू ड्रायव्हरही नको. बैठकीवर एक चर पडली की कुठलंही कार्ट्रिज तिथे गळणार.

नव्या रबरांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. व्हॅसलिन किंवा खोबरेल लावू नका, नळाच्या फिटिंगमधली बरीच रबरं तेलाने फुगतात. खुंट्या भोकांत बसवून कार्ट्रिज दाबा. ते बरोबर बसलं असेल तर फिरत नाही, डुलत नाही. नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय अनेकांना आहे, इथे तिचा उपयोग शून्य. पाणी तळाच्या रबराने अडतं, आट्यांनी नाही, आणि टेपचा तुकडा आत गेला तर तोच पुढचा कचरा. नट हाताने लागेल तेवढा लावा, मग पान्याने पाव फेरा, फार तर थोडा जास्त. मधूनमधून दांडीवर लिव्हर टेकवून हलवून बघा. जड वाटायला लागला की थांबा. जास्त आवळलं तर प्लॅस्टिकची डबी तडकते, कमी आवळलं तर मानेपाशी पाणी येतं. कमी असेल तर नंतर आवळता येतं, म्हणून सुरुवात कमीनेच करावी.

शॉवरची जाळी काढून ठेवा, तोटीच्या तोंडाचा फोमर (धारेत हवा मिसळणारी बारीक जाळी) काढून ठेवा, लिव्हर अर्धा उघडा ठेवा आणि मुख्य चावी हळूहळू सोडा. पाणी मोकळं वाहू द्या, गरमकडे, गारकडे फिरवून. गरम बाजूने सलग धार आल्याशिवाय गीझर चालू करायचा नाही, रिकाम्या टाकीत कॉइल जळते. डावीकडे गरम यायला हवं. उलटं आलं तर काही कार्ट्रिज अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसतात. खुंट्या तसं बसू देत नसतील तर दुकानदाराने दिलेली मांडणीच वेगळी आहे, बदलून आणा. रात्री पुन्हा ती कोरडी बादली ठेवा.

धार पूर्वीपेक्षा बरी झाली तरी जोरदार होईल अशी आशा ठेवू नका. टाकी शॉवरपासून १० मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. कौलारू घराच्या मागच्या स्लॅबवरची टाकी शॉवरच्या दोन-तीन मीटरच वर असते. सिंगल लिव्हरच्या फिटिंगला तो दाब कमीच. त्याला कार्ट्रिज दोषी नाही.

गाळाचा बंदोबस्त करायचा तर फिल्टर टाकीच्या खाली लावू नका, असलेला थोडका दाबही तो खाईल. विहिरीच्या पंपापासून टाकीत चढणाऱ्या लाइनवर लावा, तिथे पंपाचा जोर असतो. वाडीत ठिबक सिंचन असेल तर त्याचा १२० मेशचा स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर तुम्ही पाहिलाच असेल. तोच इथे चालतो, आणि सासूबाईंच्या गड्यालाही तो धुता येतो. टाकीचा बाहेर जाणारा पाइप तळापासून दोन-तीन इंच वर हवा. तळाशी असेल तर प्लंबरकडून वर घेऊन तळाला गाळ सोडायची वेगळी चावी करून घ्या. टाकी पावसाच्या आधी एकदा आणि नवरात्राच्या सुमारास एकदा धुवा. मे महिन्यात याल तेव्हा पहिलं पाणी अंगणातल्या किंवा मोरीतल्या नळाने काढून टाका, शॉवर शेवटी उघडा. आणि सासूबाईंना सांगा, आठवड्यातून एकदा तरी लिव्हर दोन्ही बाजूंना फिरवायचा, अंघोळ बादलीने केली तरी चालेल.

एवढं करूनही ठिबकत राहिलं, किंवा भिंतीच्या मागच्या बाजूला ओल, रंगाचे फुगे, पापुद्रे दिसू लागले, तर तुमच्या प्लंबरचं म्हणणं खरं ठरेल, बॉडी किंवा तिचा सांधा गेला. तेव्हाही आधी बघा मागे काय आहे. मागे पडवी किंवा स्वयंपाकघर असेल आणि भिंत चार इंची विटांची असेल तर मागून फोडा, प्लास्टर करणं टाइल जुळवण्यापेक्षा कितीतरी सोपं. पूर्ण चिऱ्याची भिंत असेल तर समोरून एकच टाइल कटरने कापून काढायला सांगा. सगळी भिंत उतरवायची गरज नाही. आणि फोडाफोड झालीच तर गरम आणि गार लाइनला न्हाणीघराबाहेर एकेक बॉल व्हॉल्व्ह टाकून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कार्ट्रिज बदलताना सासूबाईंच्या स्वयंपाकघराचं पाणी तोडावं लागणार नाही.